लेक फुटबॉलच्या निवड चाचणीला निघालीय?



मागच्या भागात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाविषयी बोललो होतो. त्यानंतर तीन फोन आले, आणि त्यातले दोन कर्जाबद्दलचे नव्हतेच. एका ताईंनी विचारलं, "लेक आठवीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात खेळते. आता सरांनी जिल्ह्याच्या सिलेक्शनला नाव दिलंय. तिथं नेमकं काय करतात? आम्हाला काहीच माहीत नाही, पाठवू का नको?" दुसऱ्या ताईंचा सूर जरा वेगळा होता. घरातले म्हणतायत, शाळेपुरतं खेळली ते बास झालं, आता मोठी झाली.

म्हणून आज फुटबॉलच्या निवड चाचणीबद्दल बोलूया. खेळाडू म्हणून नव्हे, आई म्हणून आपल्याला काय माहीत असायला हवं, ते. चाचणीत मुलीला घ्यायचं की नाही हे मैदानावर उभे असलेले निवड करणारे ठरवतात. पण ती त्या मैदानापर्यंत पोहोचते की नाही हे घरात ठरतं. किती तरी चांगल्या पोरी चाचणीत मागे पडत नाहीत, त्या चाचणीला पोहोचतच नाहीत. कधी दाखला नसतो, कधी बूट नसतात, कधी त्याच दिवशी पाहुणे येणार असतात.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला फुटबॉल काही नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने असले की अख्खं शहर तिकडे लोटतं. गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड जुनं आहे. पण हे सगळं पोरांचं. मुलीच्या पायात बॉल दिसला की अजून कुणीतरी विचारतंच, हा काय मुलींचा खेळ आहे का? त्यांना एक गोष्ट सांगा. इंग्लंडमध्ये १९२० साली नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बायकांचा फुटबॉल सामना बघायला ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं हा खेळ बायकांना योग्य नाही असं सांगून आपली मैदानं त्यांना बंद केली, ती थेट १९७१ पर्यंत. म्हणजे खेळ बायकांना झेपत नव्हता असं नाही, चांगला झेपत होता म्हणून दार लावलं. आपल्याकडचं बघा. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. त्याआधी २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याची अंतिम लढत आपल्या नवी मुंबईत होती. त्या वेळी भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली अष्टम उरांव. आई-वडील मजुरी करणारे. मैदानाशेजारी बंगला नव्हता तिचा.

आता मुद्द्यावर येऊ. निवड चाचणी एकाच प्रकारची नसते, म्हणून आधी शिक्षकांना विचारा की ही कशाची आहे. शालेय स्पर्धा असते तेव्हा शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो. तिथं पहिली चाचणी शाळेतच होते, संघात घ्यायचं की नाही यासाठी. मुलींचे गट वयानं पाडलेले असतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. सतरा वर्षांखालील मुलींच्या सुब्रतो चषकालाही शाळेचाच संघ जातो. हा चषक १९६० पासून चालू आहे आणि हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावानं आहे. दुसरी चाचणी जिल्हा फुटबॉल संघटनेची. तिथं वेगवेगळ्या शाळांतल्या आणि क्लबांतल्या मुली येतात आणि त्यातून जिल्ह्याचा एक संघ निवडतात. तिसरी असते क्रीडा प्रबोधिनीसारख्या ठिकाणी राहून शिकायला प्रवेश मिळावा म्हणून. तिथं बॉलइतकंच अंगाकडे पाहतात. उंची-वजन घेतात, ३० मीटर पळवतात, जागेवरून लांब उडी मारायला लावतात, ८०० मीटरची वेळ घेतात. कोणत्या चाचणीला निघालोय हे कळलं की तयारी कशाची करायची ते कळतं. तीस मीटर पळायची सवय शेताच्या बांधावरही करता येते.

जिल्ह्याच्या चाचणीला साधारण काय होतं ते सांगते. सकाळी नाव नोंदवतात, कागद बघतात, पाठीवर नंबर देतात. थोडं पळणं, अंग मोकळं करणं. मग बॉल देऊन पास देणं, थांबवणं, खुणांमधून बॉल नेणं. आणि मग छोटे संघ पाडून सामना. निवड होते ती बहुतेक या सामन्यातच. एका संघात मैदानावर अकरा जणी, राखीव धरून सोळा-अठरा. चाचणीला येणाऱ्या मात्र कितीतरी जास्त. म्हणजे एकेका मुलीकडे बघायला फार वेळ नसतो. अशा थोड्या वेळात निवड करणारा काय टिपतो?

पहिलं टिपतात ते बॉल पायाशी आल्यावर काय होतं. बॉल पायाला लागून चार हात लांब उडाला तर समोरची घेऊन जाणार. पायाशीच राहिला तर मुलीला वर बघायला वेळ मिळतो. हे शिकवायला मैदान लागत नाही. घराच्या मागच्या भिंतीवर बॉल मारायचा आणि परत आलेला थांबवायचा, उजव्या पायानं, मग डाव्या पायानं. रोज वीस मिनिटं. भिंतीचा रंग जाईल, पण त्याला इलाज नाही. बॉल कोणत्या मापाचा हवा तेही बघा. आठ ते बारा वर्षांच्या मुलींना चार नंबरचा, त्यापुढच्या मुलींना पाच नंबरचा. पोरगी लहान बॉलवर सराव करून गेली आणि तिथं मोठा मिळाला तर पहिली दहा मिनिटं गोंधळात जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉल जवळ नसताना ती काय करते. बऱ्याच मुली बॉलमागे घोळक्यानं धावतात, गुळाला मुंगळे लागावेत तशा. जी मुलगी घोळक्यातून बाहेर मोकळ्या जागी जाऊन उभी राहते आणि मैत्रिणीला ओरडून सांगते "इकडे दे", ती लगेच नजरेत भरते. हे ओरडणं आपल्या पोरींना जड जातं. घरात आपणच शिकवलेलं असतं, हळू बोल, मुलीच्या जातीनं एवढं मोठ्यानं बोलू नये. मैदानावर मात्र गप्प राहणारी मुलगी आपल्याच संघाचं नुकसान करते. तेव्हा निघताना तिला स्पष्ट सांगा, तिथं मोठ्यानं बोललीस तरी चालेल. आईनं सांगितलेलं असलं की पोरीचा घसा मोकळा होतो.

तिसरं, बॉल हातचा गेल्यावर ती काय करते. डोक्याला हात लावून उभी राहते की वळून परत धावते? चूक सगळ्यांकडून होते, निवड करणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. ते पुढच्या पाच सेकंदांकडे बघत असतात.

आणखी एक, हे फार कमी आया विचारतात. तुमची लेक कबड्डी-खोखो खेळलेली असेल, उंच असेल, झेल चांगला घेत असेल, तर तिला गोलकीपर व्हायला आवडेल का ते विचारा. पुढे खेळून गोल मारायला सगळ्यांनाच हवं असतं. गोलमध्ये उभं राहायला फारशा जणी पुढे येत नाहीत. त्या जागेसाठी स्पर्धा कमी आणि संघात तर दोन तरी गोलकीपर लागतात. अर्थात आवड असेल तरच. जबरदस्तीनं गोलमध्ये उभी केलेली पोरगी बॉल आला की डोळे मिटते.

आता घरात करायची कामं. सगळ्यात आधी कागद. आपल्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच तारीख टाकलेली. आता तसं चालत नाही. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड या तिन्हीवर नाव आणि तारीख जुळावी लागते. एकीकडे आडनावात काना जास्त, दुसरीकडे वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचं, असं असलं की पोरगी टेबलापाशीच अडकते. जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी. राहून गेली असेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला हेलपाटे पडतात. झारखंडमधल्या युवा संस्थेच्या खेड्यातल्या मुली २०१३ मध्ये फुटबॉल खेळायला स्पेनला गेल्या. तिथल्या एका स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. पण त्या आधी पासपोर्टसाठी जन्मदाखले मिळवताना त्यांना जे सोसावं लागलं, ते मैदानातल्या कुठल्याही सामन्यापेक्षा अवघड होतं.

वय कमी दाखवून देतो असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. काही स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय बघतात. पकडलं गेलं तर मुलीवर बंदी येते, सुचवणारा नामानिराळा राहतो. तसंच, "इतके पैसे द्या, निवड करून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर समजा की त्याच्या हातात काही नाही. नोंदणीची फी असू शकते, तिची पावती मिळते. निवडीची फी नसते.

कपड्यांचं बोलू, कारण घराघरात अडतं ते इथंच. हाफ पँट घालावी लागेल का? गुडघ्यापर्यंत मोजे आणि आत लांब लेगिंग घालून खेळता येतं, सामन्यात लेगिंगचा रंग पँटसारखा असला की झालं. आपल्या गटांत मुसलमान भगिनी आहेत, त्यांच्यासाठी सांगते, डोक्यावर रुमाल बांधून खेळायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच २०१४ पासून परवानगी आहे. फक्त तो घट्ट बसणारा हवा, टाचणी नको. दागिना मात्र कुठलाच चालत नाही. बांगडी, पैंजण, कानातलं, गळ्यातली साखळी, सगळं काढावं लागतं, वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. म्हणून चाचणीच्या महिनाभर आधी नाक-कान टोचून घेऊ नका. ताजं टोचलेलं असेल तर चमकी काढता येत नाही आणि पंच आत सोडत नाही.

नडगीवर बांधायचे शिनगार्ड हे चैन म्हणून नाहीत, त्यांच्याशिवाय सामना खेळता येत नाही. बूट नवे घ्यायचे तर पंधरा दिवस आधी घ्या. नवेकोरे बूट घालून चाचणीला गेलेली मुलगी अर्ध्या तासात फोडांनी लंगडायला लागते. साधे फुटबॉलचे बूट आणि शिनगार्ड मिळून हजार-दीड हजारांत बसतात. गटाच्या अंतर्गत कर्जात ही रक्कम मोठी नाही. "बुटासाठी कर्ज कसं मागायचं, लोक हसतील" असं कुणी म्हणालं तर विचारा, शिलाई मशीनसाठी मागताना हसले होते का? एका वस्तीत तीन-चार पोरी खेळत असतील तर एक चांगला बॉल गटानं मिळून घ्यावा, पंप आठवणीनं घ्यावा. पंपाविना बॉल महिन्यात उशीसारखा होतो.

खाणं आणि रक्त. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींत एकोणसाठ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. अशी मुलगी पहिल्या दहा मिनिटांत छान पळते, मग धाप लागते, पाय जड होतात. बघणारा म्हणतो, आळशी आहे. आळशी नसते ती, तिच्या रक्तात लोहच नसतं. उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिथं पैसे लागत नाहीत. शाळेत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती दप्तरातून परत येते का तेही बघा. गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि जेवणाला लागून चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं, जेवणात आवळा असला तर ते जास्त लागतं. हे एका दिवसात होत नाही, रक्त भरून यायला महिने लागतात. त्यामुळे चाचणीच्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही.

चाचणीच्या दिवशी काय द्यायचं? खेळण्याच्या अडीच-तीन तास आधी नेहमीचं जेवण, भाकरी-भाजी किंवा वरण-भात. तेलकट नको, आणि उपवास तर मुळीच नको, त्या दिवशी चतुर्थी असली तरी. पिशवीत केळी, शेंगदाण्या-गुळाचा लाडू, दोन बाटल्या पाणी. बस.

पाळीचं सांगते. पाळीच्या दिवसांत खेळायला काही हरकत नाही. पोटात फार दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिचं तिला कळतं. गडद रंगाची पँट, दोन जास्तीचे पॅड, एक जुनी ओढणी पिशवीत असू दे. सणावाराला पाळी लांबवायच्या गोळ्या आपण मेडिकलमधून सर्रास आणतो. त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता पोरीला देऊ नका, चाचणी आहे म्हणून तर नाहीच. आणि खेळल्यानं पुढे मूल होत नाही हे जे गावात बोललं जातं, त्यात काडीचं तथ्य नाही.

दुखापतीची भीती मात्र खोटी नाही. गुडघ्याच्या आतला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. ते बऱ्याच अंशी टाळता येतं. उडी मारून खाली येताना गुडघे वाकवून, आत न झुकवता उतरायची सवय लावायची. जागतिक फुटबॉल संघटनेनं बनवलेला वीस मिनिटांचा एक व्यायाम आहे, त्याला इलेव्हन प्लस म्हणतात, फुकट मिळतो. शाळेतल्या सरांना विचारा की खेळण्याआधी तो घेता का. घेत नसतील तर आपण विचारलं म्हणून घ्यायला लागतील.

आता बाहेरगावी पाठवण्याचं. या बाबतीत संकोच न करता विचारायचं. मुलींच्या संघाबरोबर बाई शिक्षक किंवा महिला व्यवस्थापक आहे का? मुक्काम कुठं, खोलीत किती जणी, प्रशिक्षकांचा नंबर काय? हे विचारलं म्हणून कुणी मुलीचं नाव कापत नाही, आणि कापलं तर त्या संघात न पाठवलेलंच बरं. मुलीलाही सांगून ठेवा की कुणी एकटीला बोलावलं, अंगाला नको तसा हात लावला, तर लगेच सांगायचं, निवडीची पर्वा करायची नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर तिला पाठ असू दे. पहिल्या चाचणीला शक्य असेल तर आईनं स्वतः जावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ते अशाच दिवसासाठी वापरूया.

गेलात तर तिथं कसं वागायचं तेही बोलूया का? मैदानाच्या कडेला बसा. "अगं पळ, अगं मार" असं ओरडू नका. पोरीचं लक्ष तुमच्याकडे जातं, आणि तिला सर सांगतात एक आणि आई सांगते दुसरं. परत येताना एसटीत लगेच "ती दुसरी किती छान खेळली बघ" असं काढू नका. भूक लागलीय का विचारा.

ज्या ताईंच्या घरी "आता मोठी झाली" हे ऐकू येतं, त्यांच्यासाठी थोडं. आठवी-नववीत खेळ सुटतो तो बहुधा एका दिवसात बंदी घालून सुटत नाही. सरावाच्या वेळी भांडी येतात, मग धाकट्याला सांभाळायचं येतं, मग क्लास येतो. आठवड्यातले तीन संध्याकाळचे तास तिच्या नावावर ठेवायचे असतील तर त्या तासांतलं काम कुणी करायचं, हे घरात बसून ठरवावं लागतं. भावानं करावं, असं माझं मत आहे. घरच्या मोठ्यांना पटवायला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी सांगते. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना दहावी-बारावीला नियमाप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. अटी बऱ्याच आहेत, प्रत्येकीला ते मिळेल असं नाही, तेव्हा घरात नोकरीचं आश्वासन देऊन बसू नका. आजोबांना एकदा सामना बघायला घेऊन जा, त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि यादीत नाव आलं नाही तर? बहुतेक मुलींचं येत नाही, गणितच तसं आहे. दोन दिवस रडू द्या. मग तिनं स्वतः, आईनं नव्हे, सरांना जाऊन विचारावं की माझं काय कमी पडलं. "डावा पाय वापरत नाहीस", "दमतेस", "बोलत नाहीस" असं काहीतरी नेमकं उत्तर मिळालं तर पुढच्या वर्षभराचा सराव ठरला. वयोगट संपेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा देता येते. मधल्या काळात खेळायला सामने हवेत. खेलो इंडियाच्या अस्मिता लीगमध्ये तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालील मुलींचे गट असतात. आपल्या जिल्ह्यात ती कधी आहे, हे क्रीडा कार्यालयात विचारता येईल.

शाळेच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, शिक्षक नावं जूनपासूनच घ्यायला लागतात. तेव्हा जन्मदाखल्यात काही दुरुस्ती असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच ग्रामपंचायतीत अर्ज टाका आणि पोचपावती जपून ठेवा. हिमोग्लोबिनची तपासणी त्याच फेरीत होईल. पुढच्या भागात मात्र हप्त्यांचं राहिलेलं बोलणं पुरं करायचंय, वह्या घेऊन बसा.